हमीपत्रातली चौथी ओळ

खालापूर, ३ ऑगस्ट

झिनत,

वर काय लिहावं यातच दोन दिवस गेले. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणशील, कुठल्या तोंडानं? म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. बरं केलंस. तुझ्या जागी मी असते तर आधी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मग ब्लॉक केला असता. पण बोलल्याशिवाय मला राहवत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून हे हातानं लिहिते आहे आणि नेरळला तुम्ही भावंडं राहता त्या खालाच्या घरी, रिझवानच्या नावावर टाकते आहे. रिझवान, तू हे तुझ्या बहिणीला वाचून दाखवशील तेव्हा आवाज चढवू-उतरवू नकोस बाबा. तिला सपाट वाचलेलं लागतं. तीन वर्षं मी तिला वाचून दाखवलंय, एवढं तरी मला कळतं.

आम्ही जूनमध्ये कशेळं सोडलं. लोकांना सांगितलं, सुनीलची खालापूरच्या गोदामात बदली झाली. बदली झाली नाही, आम्ही मागून घेतली. तुमच्या दुकानामागच्या खोल्यांत राहायचं आणि रोज सकाळी तुझ्या अम्मीच्या, सफियाभाभींच्या समोरून हंडा घेऊन जायचं, हे माझ्यानं होईना. भाभी काही बोलत नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

छाया मॅडमचा फोन आला होता. कॉलेजचा दिव्यांग कक्ष त्या बघतात म्हणून विद्यापीठाची पत्रं त्यांच्याकडेच येतात. १२ सप्टेंबरला विद्यापीठाची चौकशी समिती कर्जतला कॉलेजात येणार आहे म्हणे. तोवर तुझा बी.ए.चा शेवटचा निकाल राखून ठेवलाय. समितीनं गैरप्रकार धरला तर निकाल रद्द. बी.एड.ची सीईटी तू काढलीस, पण प्रवेशाची शेवटची फेरी सप्टेंबरअखेर आहे आणि गुणपत्रिकेशिवाय तुला कोणी दारात उभं करणार नाही. हे सगळं तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे, एवढंच सांगायचं होतं.

झालं ते माझ्यामुळे झालं, मी नाही म्हणत नाही. लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, हा नियम. तू सांगायचीस आणि मी लिहायचे, अशा तुझ्या सगळ्या परीक्षा झाल्या. आणि शेवटी मीच मुक्त विद्यापीठात, तुझ्याच वर्षाला, तुझ्याच इतिहासाला बसलेली निघाले. फॉर्मवर मात्र 'बारावी पास'. पण हेतू वाईट नव्हता गं. पदवी हातात पडली की तुझ्यासमोर ठेवायची आणि तुला चकित करायचं, एवढंच मनात होतं. नियम इतका कडक असेल हे डोक्यात आलं नाही. फॉर्मची शेवटची तारीख होती, घाई होती, तुलाही आठवत असेल.

तुझ्या पेपरात माझा एक शब्द नाही. हे तरी तू मानतेस ना?

जिजा


खालापूर, १७ ऑगस्ट

झिनत,

रिझवानचा मेसेज आला. "जिजाताई, वाचून दाखवलं. ती फक्त म्हणाली, चकित करायचं होतं ती ओळ पुन्हा वाच."

तू एखादी ओळ पुन्हा वाचायला सांगतेस तेव्हा ती तुला पटलेली नसते. म्हणून मीही पुन्हा लिहिते. चकित करायचं वगैरे सगळं मागून सुचलेलं आहे.

खरं असं. तू पहिल्या वर्षाला गेलीस तेव्हा कक्षातून तुला बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा लॅपटॉप मिळाला, छाया मॅडमनी तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळवून दिला, ग्रंथालयामागची वेगळी खोली दिली. पण मराठी पुस्तकं त्या लॅपटॉपला वाचता येईनात. तू माझ्या दारात येऊन म्हणालीस, ताई, दुपारी तासभर वाचशील का? मी तेव्हा तीस वर्षांची, बारावीनंतर पुस्तकाला हात न लावलेली बाई. वाचता वाचता मला सांगायची हौस सुटायची. म्हणजे बघ झिनत, याचा अर्थ असा, असं सुरू केलं की तू हात वर करायचीस. "ताई, वाच. सांगू नकोस." कितीदा राग यायचा मला. ही कालची पोर मला शिकवते!

पण सासूबाईंनी परवानगी दिली ती त्या वाचण्यालाच. माझ्या येसूबाई कशा आहेत तुला माहीत आहे. सुनेनं देवळात जातानाही सांगून जावं अशा. त्या शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, "आमची जिजा झाकीरच्या आंधळ्या पोरीला वाचून दावते. पुन्याचं काम हाय." तुझ्या नावावर मी कशेळ्याहून जीपनं कर्जतला जाऊ लागले. तुझ्या नावावर रविवारी घराबाहेर पडू लागले. त्या रविवारी तुझा काही जादा तास नसायचा गं. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र त्याच कॉलेजात होतं, मी तिथे जाऊन बसायचे. घरी म्हणायचे, झिनतचा तास. तुला म्हणायचे, माहेरी जाऊन येते.

तुझ्या आंधळेपणाच्या पदराआड बसून मी शिकले. हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलंय.

आणि तुला का सांगितलं नाही? एक तर लाज. पास होते का नापास, कोणाला ठाऊक. दुसरं कारण घाण आहे. पहिल्या वर्षाला तुला अठ्ठावन्न टक्के पडले, मला एकसष्ट. तू उदास बसली होतीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते, अगं चांगले आहेत की, म्हणत होते, आणि मला आतून आनंद झाला होता. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. तुझ्या आवाजावर माझे कान तयार झाले आणि तुझ्यापुढे तीन टक्के गेल्याचं मला सुख वाटलं.

नियम मला यंदा जानेवारीत कळला, आधीची दोन वर्षं लेखनिकाचं नुसतं नाव लिहून चालायचं. छाया मॅडमनी विचारलं, लेखनिक कोण, शिक्षण किती? त्यांच्याकडे अकरावीच्या मुलांची यादी होती. ऋतिक नावाचा पोरगा तर तयार होऊन समोर बसला होता, अक्षर चांगलं, बोलणं कमी. तू ताठ मानेनं म्हणालीस, "मला जिजाताईच हवी. तिच्याशी माझा वेग जमतो." तेव्हाच मी तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण त्या खोलीतली माझी खुर्ची ऋतिकला द्यायची माझी तयारी नव्हती. परीक्षेच्या खोलीत बसायला मिळतं म्हणून मी सहा महिने जगायचे गं. पेपरच्या आदल्या दिवशी पेनात शाई भरून ठेवायचे, साडीला इस्त्री करायचे, जशी काही माझीच परीक्षा.

सापडले तीही माझ्या कर्मानं. तुझा शेवटचा पेपर झाला आणि आठवड्याभरात माझी दुसऱ्या वर्षाची, कधीची रखडलेली गुणपत्रिका आली. घरी पेढे वाटता येईनात, म्हणून अभ्यासकेंद्राच्या शिपायाला, मालोजीमामांना, एक पेढा दिला. कोणाला तरी द्यायचा होता. मामा बिचारे भोळे, ओरडले, "जिजाबाई एस.वाय. पास! आता टीवाय!" आणि जिन्यावर छाया मॅडम उभ्या होत्या.

पुढचं तुला माहीतच आहे. निदान माहीत आहे असं तुला वाटतं.

जिजा


खालापूर, ३१ ऑगस्ट

झिनत,

गौरीला कशेळ्याला जाऊन आले. सासूबाईंचा हट्ट होता, जुन्या घरच्या गौरी तिथेच उभ्या करायच्या. मान खाली घालून गेले. सफियाभाभी दुकानात बसल्या होत्या. मी म्हटलं, आता हाकलतील. त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा मागवला.

तुझं विचारलं. त्या म्हणाल्या, बरी आहे. मग म्हणाल्या, बरी नाही. हल्ली तू प्रत्येक गोष्ट दोनदा वाचून घेतेस. औषधाच्या बाटलीवरचं, लाइटबिल, मसाल्याच्या पाकिटावरचंसुद्धा. रिझवाननं वाचलं की खालाला वाचायला लावतेस. बी.एड.च्या मुलाखतीची तयारी सोडून दिलीस. भाभींनी विचारलं तर म्हणालीस, "अम्मी, माझा माझ्या कानांवर भरोसा नाय राहिला. अख्खी ओळ माझ्यासमोर वाचली गेली आणि मला ऐकूच आली नाय. मी वर्गात पोरांना काय शिकवणार?"

भाभी हे सांगत होत्या आणि मी कपाकडे बघत होते. तेव्हा बोलायचं होतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, होईल सगळं नीट. एवढं शेण खाऊन उठले आणि गौरीच्या आरतीला टाळ्या वाजवत उभी राहिले.

रिझवान, आता पुढचा परिच्छेद तिला वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच, मग ठरव

नको. थांबले ते बरं झालं. हेच तर मी केलं होतं आणि आता तुलाही तेच करायला सांगत होते. वरची ओळही वाच, रिझवान. तुटली आहे तशीच वाच.

झिनत, तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तुझ्या भावाच्या तोंडून ऐकवायची नाही. छापील अक्षर तुझा फोन वाचतो आणि माझं हाताचं वाचत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी तीन पत्रं हातानं लिहिली. मधे कोणीतरी असावं, एकटी तुझ्यासमोर उभी राहायला नको, म्हणून. तहसील कचेरीजवळ टायपिंगचा क्लास आहे, उद्यापासून जाते. पुढचं पत्र तू एकटी ऐक.

जिजा


खालापूर, ७ सप्टेंबर

झिनत,

हे मी स्वतः टाइप केलं आहे, दोन बोटांनी, चार दिवस लागले. क्लासमधल्या पोरी हसत होत्या. दार लावून घे आणि ऐक.

जानेवारीत छाया मॅडमच्या टेबलावर ते हमीपत्र होतं. त्यात सहा ओळी होत्या. मॅडम मला म्हणाल्या, तिला नीट वाचून दाखवा आणि सही घ्या, आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या. मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. चौथी अशी होती:

'माझ्या लेखनिकाचे शिक्षण माझ्यापेक्षा खालच्या इयत्तेचे आहे. तसे नसल्याचे आढळल्यास माझा निकाल व पदवी रद्द करण्यास माझी हरकत राहणार नाही.'

ही ओळ मी वाचली नाही. श्वास घेतला आणि पाचवी वाचली. वाचली असती तर तू विचारलं असतंस, ताई, तू बारावीच ना? मला तुझ्या तोंडावर खोटं बोलता आलं नसतं आणि खरं बोलले तर खुर्ची जात होती. म्हणून गाळली. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. सहावी संपल्यावर तू विचारलंस, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. मग तुझं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं.

तू ऐकलं नाहीस असं झालं नाही. मी वाचलंच नव्हतं.

आता मे महिन्यातलं. प्राचार्यांच्या खोलीत त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि तू म्हणालीस, मला हे कोणी वाचून दाखवलं नाही. ते म्हणाले, सही तुमचीच आहे ना? तेव्हा तू माझ्या खुर्चीकडे तोंड केलंस. "ताई, ही ओळ तू वाचली होतीस?"

सुनील दारात उभा होता. मी तीन वर्षं त्याच्यापासूनही लपवून शिकत होते हे त्याला त्या दिवशीच सकाळी कळलं होतं, तेही मालोजीमामांकडून. त्याच्यासमोर आणखी एक खोटेपणा उघडा पाडायचा, या भीतीनं माझी जीभ पुन्हा खोट्याकडेच वळली. मी म्हटलं, "हो. सगळं वाचलं होतं."

मला वाटलं तू भांडशील. तू म्हणालीस, "ताई म्हणते तर वाचलं असेल."

शिकणं लपवलं म्हणून तू माझ्यावर रागावलीस, नंबर ब्लॉक केलास. पण वाचण्याच्या बाबतीत माझ्यावर अविश्वास दाखवला नाहीस, स्वतःच्या कानांवर दाखवलास. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती मी दिली आणि संन्याशानं मुकाट्यानं घेतली. त्या तुझ्या एका वाक्यामुळे कागदावर काय झालं बघ: नियम माहीत असून झिनतनं जाणूनबुजून सही केली. मी जुलैत बी.ए. पास झाले. तू नाही. पेढे मी आणले नाहीत. तेवढी लाज शिल्लक होती.

परवा सुनीलला सांगितलं, मग सासूबाईंना. सुनील आज सकाळी डबा घेताना एवढंच म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी स्वतः सोडायला आलो असतो कर्जतला." सासूबाई जास्त बोलल्या. "आंधळ्या पोरीच्या नावावर तीन वरसं भायेर गेलीस. शिकायचं व्हतं तर माझ्याशी भांडायचंस की गं. मी काय तुला खाल्ली असती? मी गावाला सांगत सुटले, पुन्याचं काम, पुन्याचं काम. आता माझं थोबाड कुठं लपवू?" त्यांच्याशी भांडायला मी भ्याले आणि तुला पुढे केलं, हेच खरं.

काल कर्जतला जाऊन छाया मॅडमना लेखी जबाब दिला. त्यात ओळ गाळल्याचं आहे, खोटं बोलल्याचं आहे. मॅडमनी तो वाचला. म्हणाल्या, मी त्या वेळी फोन ठेवून स्वतः वाचून दाखवायला हवं होतं, हेही मी समितीला सांगणार आहे. मला आणखी लाज वाटली. त्या बाईनं तुझ्यासाठी एवढं केलं आणि माझ्यामुळे तीही आरोपीच्या रांगेत.

मग त्या म्हणाल्या, ओळ गाळली हे ठीक, पण पेपरातली उत्तरं झिनतचीच कशावरून? तुम्हाला सगळं येत होतं. समिती हेच विचारणार.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. शेवटच्या पेपरात महाडच्या सत्याग्रहावर प्रश्न होता. तू भरभर सांगत होतीस आणि साल सांगितलंस १९३०. ते नाशिकचं, काळाराम मंदिराचं. महाडचं १९२७. मला येत होतं. पेन दोन क्षण थांबलं माझं. तू म्हणालीस, "लिही ना ताई," आणि मी १९३० लिहिलं. पुढच्या महिन्यात माझ्या पेपरात तोच प्रश्न आला. तिथे मी १९२७ लिहिलंय. दोन्ही अक्षरं माझीच. दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या तर आंधळ्यालाही कळेल की एक तुझी आहे.

बघ, काय लिहून गेले. खोडत नाही. तू अशा म्हणीवर हसायचीस.

माझ्या उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी अर्ज केला आणि ती समितीला द्यायला संमती दिली. मॅडमनी बजावलं, जिजाबाई, यानं तुमची पदवीही अडचणीत येऊ शकते, लेखनिकाच्या फॉर्मवर शिक्षण लपवलंय तुम्ही. मी म्हटलं, येऊ दे. असं लिहिलं की मोठेपणा वाटतो, म्हणून हेही लिहिते की जीपमध्ये बसल्यावर मी रडले, आणि ते तुझ्यासाठी नव्हतं, त्या पदवीसाठी होतं.

१२ तारखेला अकरा वाजता. ऋतिकला मी विचारलं आहे, तो तुला एसटी स्टँडवरून घेऊन जाईल. माझा हात धरावा लागणार नाही.

जिजा


खालापूर, १४ सप्टेंबर

झिनत,

हेही टाइप केलं आहे. परवा तू तिथे होतीस, तेव्हा काय बोललं गेलं ते तुला सांगायला नको. पण काही गोष्टी तुला कोणी सांगितल्या नसतील. त्या वाचून दाखवते, गाळत काही नाही.

तू आत आलीस तेव्हा आधी तिन्ही सदस्यांनी तुझ्या काठीकडे बघितलं, मग ऋतिककडे बघितलं आणि प्रश्न त्याला विचारला. तू म्हणालीस, मी इथे आहे. तेव्हा मधल्या बाई ओशाळल्या. तुझा डावा हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती, पेपर सुरू व्हायच्या आधी हलतात तशी.

छाया मॅडमनी माझा जबाब वाचायला घेतला आणि तू म्हणालीस, "मॅडम, तुम्ही नको. हे तिलाच वाचू द्या." कागद हातात घेतला तर अक्षर दिसेना. मी मधेच 'म्हणजे साहेब, त्याचं असं झालं' करायला लागले आणि तू हात वर केलास.

"ताई, वाच. सांगू नकोस."

वाचलं. मला वाटतं आयुष्यात इतकं वाईट मी कधी वाचलं नसेल. चौथ्या ओळीला आले तेव्हा उजवीकडच्या सरांच्या ओठांवर हसू आलं होतं. माझ्यावर होतं, तुझ्यावर नाही. सुनील बाहेर बाकावर होता आणि त्याच्या शेजारी सासूबाई. त्या येणार हे मला माहीत नव्हतं. दार उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं. तू म्हणालीस, "ती ओळ पुन्हा वाच." पुन्हा वाचली. मग तू माझ्याकडे तोंड न वळवता बोललीस.

"लिहून घ्या साहेब. माझे कान ठीक आहेत."

तेव्हा मधल्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हे तुला कळलं नसेल म्हणून सांगते.

पुढचं मॅडमनी तुला कळवलं असेलच: दोन्ही उत्तरपत्रिका ताडून बघितल्या, तुझा निकाल याच आठवड्यात लावतील, प्रवेशाच्या फेरीआधी. महाडच्या सालाचे गुण मात्र मिळणार नाहीत. मला लेखनिक म्हणून कायमची बंदी. माझं प्रकरण मुक्त विद्यापीठाकडे पाठवलंय, पदवी राहते की जाते ते कळेल तेव्हा कळेल.

तू उठलीस, ऋतिकच्या कोपराला हात लावलास. माझ्या खुर्चीजवळून गेलीस. मी आहे हे तुला कळलं होतं, तुझी काठी क्षणभर थांबली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा काहीतरी सांगायलाच लागले असते. सासूबाई तुझ्यासाठी बाकावरून उठून बाजूला उभ्या राहिल्या. त्या कोणासाठी उठत नाहीत.

तुम्ही जिना उतरून गेल्यावर मालोजीमामांनी चौकशीचा कागद माझ्यासमोर ठेवला. चार पानं होती. माझ्या अपराधाचीच, त्यात नवीन काय असणार. मामांना जेवायला जायचं होतं. त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं करा सही, जिजाबाई."

मी पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चारही पानं वाचून झाल्यावर सही केली.

जिजा